नसेत सोडलेले बुडबुडे आणि नसेची भिंत: कोणी नीट सांगेल का?

कोरांटी (सोमवार, रात्री ९:१०)

परवा बाबांना (वय ७४) टूडी इकोला, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीला, नेलं होतं. अंगाने दणकट, त्यात जुना दमा. प्रोब कुठेही टेकवला तरी डाव्या कप्प्याची भिंत धड दिसेना. डॉक्टर म्हणाले, पुढच्या आठवड्यात कॉन्ट्रास्ट घालून परत करू. कॉन्ट्रास्ट म्हणजे काय, असं बाबांनी विचारलं. डॉक्टरांनी सरळ सांगून टाकलं, "काका, बारीक बारीक बुडबुडे असतात. नसेतून सोडले की हृदय आतून पांढरंशुभ्र दिसतं."

झालं! बाबांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. डिझेलच्या लाइनीने एअर धरली की गाडी जागेवर बंद, हे ज्ञान त्यांच्या हाडात मुरलंय. घरी येईपर्यंत एकच घोषा, "माझ्या लाइनीत एअर सोडणार? मी येत नाही."

त्यांना पटवायला म्हणून रात्री वाचायला बसले तर भलतंच सापडलं. कॅनडात हेच बुडबुडे आणि हाच अल्ट्रासाऊंड वापरून मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती मुद्दाम 'उघडतात' म्हणे. म्हणजे हृदयाच्या तपासणीत "काही होत नाही" आणि मेंदूत भिंत उघडते. वस्तू एकच! मग या बुडबुड्यांनी नसेच्या भिंतीला नक्की काय होतं?

जाणकारांनी सांगा. "गूगल करा" सांगायला येऊ नका, तिथूनच आलेय.

अर्धवटराव (सोमवार, रात्री ९:२२)

काकांचं बरोबर आहे. एअर काढायला कुठला नट ढिला करायचा ते आधी डॉक्टरांकडून लेखी घ्या.

इको_ताई (सोमवार, रात्री ९:५८)

कोरांटी, मी सोलापूरला चौदा वर्षं इको करतेय, म्हणून भौतिकशास्त्र सोडून फक्त हाताखालचं सांगते.

बुडबुडे दोन प्रकारचे असतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक गरिबाघरचा. दोन सिरींज, मध्ये थ्री-वे (तीन तोंडांची तोटी). नऊ मिली सलाईन, एक मिली हवा. इकडून तिकडे, तिकडून इकडे जोरात ढकलायचं. दहा-पंधरा वेळा केलं की पाणी गढूळ दिसतं, लगेच हातातल्या नसेत सोडायचं. हृदयाची उजवी बाजू पांढरी होते. हे बुडबुडे फुप्फुसाच्या जाळीत अडकून विरतात, डावीकडे जातच नाहीत. म्हणून तर हृदयाच्या पडद्यात भोक आहे का हे बघायला ते कामाला येतात. तीन-चार ठोक्यांत डावीकडे ठिपके दिसले की समजायचं भोक आहे.

तुमच्या बाबांना देणार तो दुसरा. छोट्या बाटलीत भुकटी असते, वर सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू. पाच मिली सलाईन घालून वीस सेकंद जोरात हलवलं की दूध तयार. एकेक बुडबुडा सरासरी अडीच मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तांबड्या पेशीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. भोवती फॉस्फोलिपिडचं, म्हणजे चरबीच्या जातीचं, पातळ कवच. तो फुप्फुसातून सहज पार होतो आणि डावा कप्पा भरतो.

आता 'एअर' किती? दर मिलीमागे वायू आठ मायक्रोलिटर. दोन मिली दिलं तर सोळा. सलाईनचा एक थेंब साधारण पन्नास मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे सगळे बुडबुडे फोडून वायू एकत्र केला तरी थेंबाचा तिसरा हिस्सा. शिरेतून जाऊन जीव घेणारी हवा दोनशे-तीनशे मिली धरतात. (धमनीत किंवा मेंदूकडे गेली तर थोडीही वाईट, म्हणून सलाईनची नळी आम्ही टिचक्या मारून साफ करतोच.) आणि हा वायू रक्तात विरघळायला नाखूश असतो, शरीरात कशाशी संयोगही पावत नाही. फुप्फुसातून उच्छ्वासावाटे निघून जातो. पाव तासात खेळ खलास.

कोरांटी (सोमवार, रात्री १०:१५)

ताई, थेंबाचा तिसरा हिस्सा हे बाबांना उद्या चहाच्या चमच्यावर दाखवते. पण भिंतीचं?

इको_ताई (सोमवार, रात्री १०:१८)

भिंतीचं मला विचारू नका, मला पडद्यावर भिंत दिसते, पेशी दिसत नाहीत. झोपते, सकाळी सातला ओपीडी.

पंपवाला_इचलकरंजी (मंगळवार, सकाळी ७:३०)

मी डॉक्टर नाही, पण बुडबुडे भिंतीचं काय करतात ते माझ्याइतकं कोणी पाहिलं नसेल.

सक्शन कमी पडलं की पंपात कॅव्हिटेशन होतं. इम्पेलरच्या पात्याच्या मागच्या बाजूला दाब इतका उतरतो की पाणी थंड असूनही तिथल्या तिथे उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, आणि पुढे दाब वाढला की फटाफट मिटतात. आवाज ऐकलात तर वाटेल कोणीतरी पंपात खडी टाकली. आम्ही स्क्रू ड्रायव्हरचं टोक केसिंगला आणि मूठ कानाला लावतो, लगेच कळतं. सहा महिन्यांनी उघडलं तर ब्राँझचा इम्पेलर वाळवी लागल्यासारखा. बोट फिरवलं की टोचतो. एक अजून माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे.

जो बुडबुडा ब्राँझ खातो तो नसेला सोडेल? मी असतो तर हो म्हणायच्या आधी चारदा विचार केला असता.

भिंगरी (मंगळवार, सकाळी ८:०५)

पंपवालेकाका, म्हणजे आधण ठेवल्यावर उकळी फुटायच्या आधी पातेलं जे 'गातं' तेही तेच का? तळाशी बुडबुडे होतात, वर गार पाण्यात येऊन मिटतात आणि सूं आवाज येतो?

पंपवाला_इचलकरंजी (मंगळवार, सकाळी ८:१२)

शंभर टक्के तेच. पातेल्याचं काही वाकडं होत नाही कारण बुडबुडे मऊपणे आणि तळापासून दूर मिटतात.

शंकासुर (मंगळवार, सकाळी ९:४०)

अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २००७ मध्ये अशाच बुडबुड्यांच्या औषधांवर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला होता. हृदय आणि श्वसनाच्या गंभीर प्रतिक्रिया, काही मृत्यू. हे कोणी बोलणार नाही. वस्तू नवी असली की सगळे टाळ्या वाजवतात.

इको_ताई (मंगळवार, दुपारी १:५०)

बोलते की. जेवणाची सुट्टी आहे.

तो इशारा खरा. २००८ मध्ये तो सौम्य केला हेही खरं, कारण तपासणीला येणारे रुग्ण मुळातच गंभीर असतात आणि कॉन्ट्रास्ट न दिलेल्या तशाच रुग्णांशी तुलना केल्यावर चित्र वेगळं दिसलं. आजही क्वचित ॲलर्जी येते, पहिल्या अर्ध्या तासातच येते, म्हणून आम्ही इमर्जन्सी ट्रे शेजारी ठेवतो आणि पेशंटला लगेच सोडत नाही. कोरांटी, बाबांना आधी कुठल्या औषधाची ॲलर्जी आली असेल तर आत्ताच सांगून ठेवा. पण ही प्रतिक्रिया औषधाला शरीराने दिलेली असते. भिंत फुटण्याशी तिचा संबंध नाही. दोन वेगळ्या तक्रारी एका पोत्यात घालू नका.

अर्धवटराव (मंगळवार, दुपारी २:०१)

धागा शंभरी गाठणार. खुर्ची आणि शेंगदाणे घेऊन बसलोय.

एन्शेडेचा_एकटा (मंगळवार, संध्याकाळी ६:२५)

बुडबुडे हा माझा पोटापाण्याचा विषय (नेदरलँड्स, थंडी, पाऊस, पीएचडीची शेवटची दोन वर्षं गेली चार वर्षं चालू आहेत). लांबण लागेल, माफ करा.

पंपवालेकाका, तुमची भीती रास्त आहे, पण तुमचा बुडबुडा आणि ताईंच्या बाटलीतला बुडबुडा वेगळ्या जातीचे. तुमचा वाफेचा. दाब वाढला की आतल्या वाफेचं पाणी होतं, आत काही उरतच नाही, म्हणून तो धाडकन मिटतो. मिटताना शेवटच्या क्षणी पाण्याचा वेग आणि दाब प्रचंड होतो. जहाजांचे पंखे असेच खाल्ले जायचे, त्यावर लॉर्ड रॅली यांनी १९१७ मध्ये गणित मांडलं. ताईंच्या बुडबुड्यात वायू आहे. दाबला तर तो उलट दाबतो, कापसाच्या उशीसारखा. त्यामुळे हळू ढकललात तर नुसता फुगतो-आकसतो, फुगतो-आकसतो, सेकंदाला वीस-तीस लाख वेळा. मिटत नाही.

इथे एक गंमत आहे. मिनार्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये वाहतं पाणी खळखळ का करतं याचा शोध घेताना दाखवलं की प्रत्येक बुडबुड्याचा आपला एक सूर असतो. पाण्यातल्या हवेच्या बुडबुड्यासाठी त्रिज्या गुणिले वारंवारता म्हणजे सेकंदाला सुमारे तीन मीटर. एक मिलिमीटर त्रिज्येला तीन किलोहर्ट्झ, कानाला शिट्टीसारखं. आता त्रिज्या एक मायक्रॉन करा: तीन मेगाहर्ट्झ. कवच आणि पृष्ठताण धरला की आकडा थोडा वर सरकतो, पण छातीतून हृदय बघायला सोनोग्राफीचं मशीन नेमकं याच पट्ट्यात वाजतं! फुप्फुसातून जायला जो आकार हवा तोच आकार मशीनच्या सुराला साथ देतो. हे कोणी ठरवून केलेलं नाही, नुसतं नशीब. बुडबुडा पडद्यावर एवढा उजळ दिसतो तो म्हणून.

आता भिंत. किती जोरात ढकललं यावर सगळं आहे. त्यासाठी एक आकडा वापरतात, मेकॅनिकल इंडेक्स, इकोच्या पडद्याच्या कोपऱ्यात 'एमआय' लिहिलेलं असतं ते. लाटेचा उणे दाब मेगापास्कलमध्ये, भागिले मेगाहर्ट्झचं वर्गमूळ. निदानाच्या मशीनला १.९ ची मर्यादा आहे. बुडबुडे घालून इको करतात तेव्हा तो ०.२ च्याही खाली ठेवतात. मेंदूतल्या भिंती सैल व्हायला लागतात तो उंबरठा २००८ मध्ये सशांवरच्या प्रयोगांवरून ०.४६ च्या आसपास काढला गेला. कोरांटी, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. ढोल तोच, कोणी बोटाने वाजवतो, कोणी टिपरूने.

उरलेलं अर्धं म्हणजे जागा. हृदयाच्या कप्प्यात बुडबुडा म्हणजे उजनीत सोडलेलं एक बदक, काठाशी त्याचा संबंध नाही. केशवाहिनीत बुडबुडा म्हणजे बोळातून निघालेला हत्ती. वाहिनीचा व्यास सहा-सात मायक्रॉन, बुडबुडा अडीच-तीनचा. फुगला की भिंतीला भिडतो.

हे प्रत्यक्ष पाहिलं गेलंय. रॉटरडॅम आणि आमच्या ट्वेंटे विद्यापीठाने मिळून ब्रँडारिस नावाचा कॅमेरा केला, सेकंदाला अडीच कोटी चित्रं या वेगाने तो १२८ चित्रं टिपतो. आत आरसा गरागरा फिरतो आणि प्रकाशाचा झोत एकामागून एक १२८ संवेदकांवरून जातो. टेरस्केलिंग बेटावर ब्रँडारिस नावाचं दीपगृह आहे, त्यावरून नाव. पण माझं आवडतं काम सिॲटलचं, २०११ चं. उंदराच्या आतड्याला धरून ठेवणारा जो पातळ पडदा असतो त्यातल्या नसांमध्ये बुडबुडे सोडून, वरून जोरदार अल्ट्रासाऊंड देऊन अतिवेगवान फोटो काढले. सगळ्यांना वाटत होतं की बुडबुडा फुगतो, भिंतीला बाहेर ढकलतो आणि भिंत फाटते. फोटोत दिसलं उलटं. बाहेर ढकलणं कमी, आकसताना भिंतीला आत ओढून घेणं जास्त. नस कॅरीबॅगसारखी आत चिमटली जाते. शिवाय टणक पत्र्याजवळ बुडबुडा मिटताना पाण्याची बारीक पिचकारी पत्र्याकडे सुटते (काकांच्या इम्पेलरचा कर्दनकाळ हीच), पण या मऊ नसांमध्ये पिचकारी भिंतीपासून लांब जाताना दिसली. म्हणजे ब्राँझचा न्याय नसेला लावता येत नाही.

भिंगरी (मंगळवार, संध्याकाळी ६:४०)

वाचनखूण साठवली. असा प्रतिसाद वाचला की इथे येण्याचं सार्थक होतं.

पंपवाला_इचलकरंजी (मंगळवार, संध्याकाळी ७:१५)

दंडवत. पण आत ओढून का होईना, चिमटा बसतोच की. पेपरवेट मी टेबलावरच ठेवतो.

मालवणी_माणूस (मंगळवार, रात्री ८:००)

एन्शेडेकर, ती टिचकी मारणारी कोळंबी तुमच्याच लोकांनी शोधली ना? नांगी मिटते, पाण्याची पिचकारी सुटते, बुडबुडा होतो आणि तो मिटताना 'टक्क' आवाज येतो, त्या धक्क्याने भक्ष्य गार.

एन्शेडेचा_एकटा (मंगळवार, रात्री ८:१०)

कोळंबी आधीपासून होतीच, आवाज नांगीचा नसून बुडबुड्याचा हे २००० मध्ये आमच्याकडच्यांनी दाखवलं :)

मालवणी_माणूस (मंगळवार, रात्री ८:१४)

चांगली लागते का?

शंकासुर (मंगळवार, रात्री ९:०५)

एन्शेडेकरांचं लिखाण छान, पण बदकाचं उदाहरण फसवं आहे. हृदयाच्या कप्प्यातून रक्त पुढे कुठे जातं? हृदयाच्याच स्नायूत केशवाहिन्यांचं जाळं आहे. बुडबुडे तिथेही जाणार आणि प्रोब तर वर रोखलेलाच आहे. म्हणजे बोळातला हत्ती हृदयातही आहेच. आणि १९९८ साली उंदरांच्या पाठीच्या स्नायूत अशाच बुडबुड्यांनी बारीक नसा फुटून तांबड्या पेशी बाहेर आल्याचं छापून आलंय.

एन्शेडेचा_एकटा (मंगळवार, रात्री ९:४५)

मान्य. बदक मागे घेतो.

स्नायूत बुडबुडे जातातच, म्हणूनच एमआय खाली ठेवतात. तो वर नेला तर काय होतं याचा माणसांतला पुरावाही आहे: २००० च्या सुमारास जास्त एमआयचे ठोके नेमक्या क्षणी दिले तेव्हा काही निरोगी लोकांत हृदयाचे जादा ठोके पडले. उंदरांचे प्रयोगही खरे आहेत. फक्त तिथे हेतूच बुडबुडे फोडण्याचा होता, नसेला भोक पाडून औषधाचे कण बाहेर पोचतात का ते बघायचं होतं.

इको_ताई (बुधवार, सकाळी ६:५०)

आम्हीही एक 'फ्लॅश' देतो, दोन-चार फ्रेमपुरता एमआय वर नेऊन स्नायूतले बुडबुडे फोडतो आणि ते परत किती वेळात भरतात त्यावरून रक्तपुरवठा कळतो. क्षणभराचा असतो. लपवाछपवी नको म्हणून सांगितलं.

मुतखडेश्वर (बुधवार, सकाळी १०:२०)

थोडं अवांतर. माझा मुतखडा लिथोने फोडला, बाहेरून धक्के देऊन. आठवडाभर आधी रक्त पातळ करायची गोळी बंद करायला लावली. त्यानंतर दोन दिवस लघवी गुलाबी. आणि तो ऑपरेटर इतका निवांत, टक... टक... टक... सेकंदाला एक. मी म्हटलं भराभर मारा की, डबा खायला जायचंय. तो म्हणाला, भराभर मारलं तर फुटायचा नाही. मला वाटलं बिलाचे तास भरतोय. यातही बुडबुडे असतात का?

एन्शेडेचा_एकटा (बुधवार, दुपारी १२:०५)

ऑपरेटरला मनातल्या मनात माफ करा.

लिथोचा धक्का आला की त्याच्या मागोमाग ताण येतो आणि त्या ताणात बुडबुडे आपोआप जन्मतात, कोणी सोडावे लागत नाहीत. ते खड्यावर मिटतात तेव्हा खड्याचा पृष्ठभाग खातात, काकांच्या इम्पेलरसारखा. पण जे आजूबाजूच्या बारीक नसांत जन्मतात ते नसा फाडतात. तुमची गुलाबी लघवी आणि गोळी बंद करणं दोन्ही त्यासाठी. आणि धक्के मिनिटाला १२० ऐवजी ६० दिले तर खडा जास्त चांगला फुटतो, मूत्रपिंडाला इजा कमी होते. भराभर मारलं तर आधीचे बुडबुडे विरायच्या आत पुढचा धक्का येतो, तो त्या बुडबुड्यांतच अडतो.

म्युनिकमध्ये पहिला रुग्ण १९८० मध्ये झाला. म्हणजे बुडबुड्यांनी नस फाटते हे वैद्यकाने गेली चाळीसहून जास्त वर्षं पाहिलंय. नवं आहे ते न फाडता नुसती सैल करणं.

टोरांटोची_मीनल (बुधवार, रात्री ८:३०)

कॅनडाचं नाव निघालं म्हणून आले. मी एमआरआय तंत्रज्ञ आहे, पण ज्या सनीब्रूक रुग्णालयात हे झालं तिथली नाही, त्यामुळे आतल्या गोष्टी विचारू नका.

मेंदूतल्या नसांचं अस्तर वेगळं असतं. पेशी-पेशींमधले सांधे इतके घट्ट की बहुतेक औषधं पलीकडे जातच नाहीत. या केशवाहिन्या जोडल्या तर लांबी सहाशे किलोमीटरच्या आसपास धरतात, म्हणजे जवळपास अख्खा समृद्धी महामार्ग, आणि एकही एक्झिट नाही. गाठ पलीकडे, केमो अलीकडे. २००१ मध्ये सशांवर दाखवलं गेलं की आधी बुडबुडे सोडून, कवटीत पाडलेल्या खिडकीतून हलका अल्ट्रासाऊंड दिला तर तेवढ्याच जागी सांधे सैल होतात. कवटी न उघडता माणसावर पहिल्यांदा इथे २०१५ मध्ये झालं, मेंदूच्या गाठीसाठी. २०१८ मध्ये अल्झायमरच्या पाच रुग्णांचं प्रसिद्ध झालं.

डोकं तुळतुळीत करतात, चौकट बसवतात, १,०२४ स्फटिकांचं शिरस्त्राण, मध्ये गार पाणी खेळतं, आणि हे सगळं एमआरआयच्या आत. नंतर गॅडोलिनियमचं (एमआरआयमध्ये उजळ दिसणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन देऊन फोटो काढला की जिथे भिंत सैल झाली तेवढाच छोटा चौकोन उजळतो. दुसऱ्या दिवशी परत काढला तर काही नाही, मिटलेलं. शिकागोच्या एका गटाने कवटीत उपकरण बसवून केलं तेव्हा बरंचसं मिटणं पहिल्या तासातच झालेलं दिसलं.

आणि पंपवालेकाका, तुमच्या स्क्रू ड्रायव्हरने माझी झोप उडवली. इथेही तेच करतात! बुडबुडा शांतपणे धडधडत असेल तर तो ठरावीक सूर परत देतो, दिलेल्या सुराच्या अर्धा, दीडपट. मिटायला लागला की नुसती खरखर. शिरस्त्राणात ऐकणारे कान असतात. २०१२ मध्ये इथल्याच दोघांनी दाखवलं की दाब हळूहळू वाढवत न्यायचा, तो दीडपटीचा सूर आला की दाब निम्म्यावर आणायचा आणि तिथेच धरायचा. खरखर येण्याआधी थांबायचं.

पंपवाला_इचलकरंजी (बुधवार, रात्री ८:५५)

खडीचा आवाज येण्याआधी व्हॉल्व्ह मागे घ्यायचा. आमच्या पोरांना हे वीस वर्षं शिकवतोय, कोणी शिरस्त्राण दिलं नाही.

शंकासुर (बुधवार, रात्री ९:३०)

अल्झायमर बरा झाला का? वेस्ट व्हर्जिनियाचा २०२४ चा पेपर मी वाचलाय, औषध अधिक बुडबुडे, उघडलेल्या भागात चिकट प्रथिनं जास्त घटली. रुग्ण किती? तीन! आमच्या सोसायटीच्या मीटिंगला याहून जास्त लोक असतात आणि तिथेही निर्णय होत नाही.

दुसरं, २०१७ मध्ये उंदरांत भिंत उघडल्यावर त्या जागी जंतू नसताना दाह होतो असं आलं होतं. तिसरं, पक्षाघाताची गुठळी विरघळवायला बुडबुडे वापरले तेव्हा जास्त डोसच्या गटात मेंदूत रक्तस्राव झाले आणि चाचणी थांबवावी लागली. हे तिन्ही पान उलटून पुढे जायचं नाही.

टोरांटोची_मीनल (बुधवार, रात्री ११:१०)

बरा झाला असं कोणीच म्हटलेलं नाही, मीही नाही. त्या पाच जणांत फक्त उघडते, मिटते आणि मोठी इजा होत नाही एवढंच बघितलं होतं. दाहाबद्दल: त्याच वर्षी इथून उत्तर आलं की बुडबुड्यांचा डोस रुग्णाला देतात तेवढा ठेवला तर दाह फारच कमी, उंदरांना तो कितीतरी जास्त दिला होता. रक्तस्रावाचं तुमचं बरोबर आहे. पक्षाघातात भिंत आधीच आजारी असते, तिला हलकासा धक्काही जास्त होतो.

शंकासुर (बुधवार, रात्री ११:२०)

म्हणजे भिंत कशी आहे यावर. हेच म्हणत होतो. माझ्या वयात कोणाची भिंत धड असते?

चंद्रपूरची_ऊन (गुरुवार, सकाळी ११:४५)

सगळे फाटणं-उघडणं बोलताहेत, भिंतीला याने काही चांगलं होतं का? आमच्याकडे सिकलसेलचे रुग्ण खूप, कुठेतरी वाचलं होतं की त्यांच्यावरही हे करून पाहिलंय.

एन्शेडेचा_एकटा (गुरुवार, दुपारी ३:३०)

चांगला प्रश्न. अस्तराच्या पेशी नुसत्या फरश्या नाहीत, त्यांना स्पर्श कळतो. रक्त जोरात घासून गेलं की त्या नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि नस सैलावते. बुडबुड्याची धडधड त्यांना तशीच वाटते. शिवाय पेशींतून एटीपी (पेशीचं ऊर्जेचं रसायन) बाहेर पडतं, तेही नस रुंद करायला सांगतं. अमेरिकेत ओरेगनच्या गटाने उंदरांच्या पायात हे दाखवलं आणि २०१७ मध्ये सिकलसेलच्या रुग्णांच्या हाताच्या स्नायूतही अशा अल्ट्रासाऊंडनंतर रक्तप्रवाह वाढलेला दाखवला. उपचार म्हणून अजून नाही, तुमच्याकडच्या रुग्णांना आशा दाखवू नका.

थोडक्यात पेशीच्या बाजूने बघायचं तर आधी गुदगुल्या: कॅल्शियम आत शिरतं, नायट्रिक ऑक्साइड सुटतो. मग ओढाताण: शेजारणीचा हात सुटतो, म्हणजे सांधा सैल होतो, आणि पेशी आपल्या पोटातून पुड्या पलीकडे पोचवायला लागते. मग पेशीच्या पडद्यालाच भोक. छोटं असलं तर काही सेकंदांत बुजतं, मोठं असलं तर पेशी मरते. शेवटी नस फुटते आणि तांबड्या पेशी बाहेर सांडतात. या पायऱ्यांच्या मध्ये कठडे नाहीत, ही खरी अडचण आहे. म्हणून ते कान लागतात.

अर्धवटराव (गुरुवार, दुपारी ३:४१)

शेजारणीचा हात सुटतो वाचून डोळे पाणावले.

भिंगरी (शनिवार, सकाळी ९:००)

कोरांटी कुठे गायब? काकांचं झालं का?

कोरांटी (मंगळवार, रात्री ९:५०)

झालं, आज झालं. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः ताई आणि एन्शेडेकर. शंकासुर, तुमचेही. तुमच्यामुळे मी डॉक्टरांना एमआय किती ठेवणार ते विचारलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि पडद्याचा कोपरा दाखवला, ०.१ च्या थोडं वर होता. फ्लॅश देणार का विचारलं तर म्हणाले, भिंत दिसली की बास, कशाला?

भिंत दिसली. खालच्या टोकाला थोडी कमी हलतेय, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. ॲलर्जी वगैरे काही नाही, अर्धा तास बसवून ठेवलं होतं. (कॉन्ट्रास्टचे पैसे आधी सांगितले नव्हते, बिलात दिसले. त्यावर वेगळा धागा काढीन.)

बाबा कसे तयार झाले ते ऐका. थेंब-चमचा काही चाललं नाही. शेवटी पंपवालेकाकांचा स्क्रू ड्रायव्हर आणि टोरांटोचं शिरस्त्राण वाचून दाखवलं. म्हणाले, "आवाज ऐकून चालवतात? मग हरकत नाही." टेबलावर झोपल्यावर सिस्टरला सांगत होते की पंधरा मिनिटांत एअर आपोआप बाहेर पडते, नाकावाटे. येताना रिक्षात बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चांगलं डिझाइन आहे. नट ढिला करावाच लागला नाही."

अर्धवटराव (मंगळवार, रात्री ९:५३)

काकांना इथलं सदस्यत्व द्या.

पंपवाला_इचलकरंजी (बुधवार, सकाळी ७:२०)

काकांना विचारा, एसटीत कुठल्या डेपोला होते? आमचे मेहुणे सांगली वर्कशॉपला होते.